सिस्टरांच्या पुरस्काराचा फॉर्म

डॉक्टर झाल्यावर सरकारला एक वर्ष द्यावं लागतं. त्याला आम्ही बॉण्ड म्हणतो. माझा बॉण्ड जिल्ह्याच्या पूर्वेला, शेवगावच्याही पलीकडे, एका ग्रामीण रुग्णालयात निघाला. तीस खाटा, एक ओपीडी, दारात एक लिंब आणि लिंबाखाली सावलीवरून भांडत लावलेल्या मोटारसायकली. मी वाढलो नगर शहरात आणि शिकलो पुण्यात. खेड्याशी माझा संबंध म्हणजे सुट्टीत मामाकडे जायचं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून परत यायचं, एवढाच.

रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी जुलाबांनी गळून गेलेले एक आजोबा आले. त्यांना सलाईन लावायची होती. एकदा टोचलं, शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचलं, सापडली आणि लगेच हरवली. माझ्या कपाळावरचा घाम आजोबांच्या हातावर पडला. आजोबा शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमी निवांत हुडका. मला संध्याकाळच्या गाडीपर्यंत काय काम न्हाई."

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पन्नाशीच्या, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. त्यांनी हातातला ट्रे माझ्यापुढे धरला.

"सर, तुम्ही मघाशी म्हणालात ना, डाव्या हाताला बघू, बारीक सुईनं? आणलीये."

मी असलं काहीही म्हणालो नव्हतो. मघाशी तर मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी आजोबांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, मनगटाच्या वर एका जागी बोट टेकवलं आणि ते बोट काढलं तेव्हा तिथे एक निळी रेघ दिसत होती. सुई आत गेली. आजोबांनी पलीकडे बसलेल्या आजींकडे पाहिलं. "बघ, म्हनलं नव्हतं? पोरगं हुशार हाय."

दुपारी मी सिस्टरांचे आभार मानायला गेलो. म्हणालो, तुम्ही माझी लाज राखलीत. त्या औषधांच्या बाटल्या कपाटात लावत होत्या, मागे न वळता म्हणाल्या, "लाज कसली सर. पेशंटचा डॉक्टरवर भरवसा बसला की अर्धी सलाईन तशीच चढते. आणि उद्यापासून शर्टाच्या बाह्या वर करून येत जा, रक्त निघत नाही धुतलं तरी."

त्यांचं माहेर बेलापूरचं, सासर इकडचं. नोकरी पंचवीस वर्षांहून जास्त झालेली. वॉर्डात त्यांचा आवाज सतत चालू असे. मावशी फरशी पुसायला लागल्या की कुठला कोपरा राहिला ते त्या पाठमोऱ्या सांगत. पेशंटच्या नातेवाइकांना ओरडत, पण ओरडताना त्यांच्या डब्यात भाकरी आहे की नाही तेही बघून घेत. आमच्याकडे एक नवीन सिस्टर होती, पहिलीच नोकरी, वय जेमतेम बावीस. एका नातेवाइकाने तिला सगळ्यांसमोर नको ते सुनावलं. ती चादरींच्या खोलीत जाऊन रडायला लागली. इनचार्ज सिस्टर तिच्या मागोमाग आत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"रड, पोटभर रड. पण चादरी मोजत रड. उद्या धुलाईवाला यायचाय."

आतून हुंदके आणि आकडे एकत्र ऐकू येऊ लागले. चाळिशीच्या आसपास पोहोचल्यावर फक्त आकडे राहिले. मग सिस्टर बाहेर आल्या, तडक त्या नातेवाइकाकडे गेल्या, आणि त्याला काय म्हणाल्या ते मला आजवर कळलेलं नाही. पण तो माणूस नंतर दोन दिवस त्या पोरीला 'ताई' म्हणत होता.

सापाची गोष्ट घडली ती भाद्रपदात. ओपीडी भरलेली. एका माणसाला कपाशीत काम करताना पायाला साप चावला म्हणून त्याचा भाऊ त्याला मोटारसायकलवर घालून घेऊन आला. पेशंटला स्ट्रेचरवर ठेवलं आणि मी भावाला विचारलं, "कोणता साप होता? रंग कसा होता?"

"ह्यो," भाऊ म्हणाला, आणि त्याने तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन माझ्या टेबलावर ठेवला.

कॅनच्या आत काहीतरी हललं. मी खुर्ची मागे ढकलली, टेबल हललं, कॅन खाली पडला. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. त्यातून तो साप बाहेर यायला लागला आणि येतच राहिला. इतका लांब साप त्या कॅनमध्ये मावला कसा, असा विचार माझ्या मनात आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तो विचार टेबलावर उभा राहून करतोय. ओपीडीतली सगळी माणसं बाकांवर चढली होती. पायाला प्लास्टर असलेल्या एक काकू एका पायावर उभ्या होत्या, आणि त्यांना धरून उभ्या असलेल्या दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

आरडाओरडा ऐकून सिस्टर आल्या. दारातच थांबल्या, एकदा खाली पाहिलं, एकदा वर माझ्याकडे.

"मामा," त्या वॉर्डबॉयला म्हणाल्या, "आधी पेशंट आत घ्या. साप कुठं जात नाही."

त्यांनी आणि मामांनी मिळून स्ट्रेचर वॉर्डात नेलं. पाचच मिनिटांत त्या परत आल्या. एका हातात कचऱ्याची मोठी बादली, दुसऱ्या हातात फरशीचा लांब दांड्याचा वायपर. बादली त्यांनी कोपऱ्यात आडवी ठेवली, तोंड भिंतीच्या कडेला. मग वायपरने सापाला न मारता, न डिवचता, नुसतं कडेकडेने हाकायला लागल्या. तोंडाने चालूच होतं, "चल बाबा, चल, तुलाही कंटाळा आला असेल." साप भिंतीच्या कडेने गेला आणि अंधार दिसताच बादलीत शिरला. सिस्टरांनी वायपरनेच बादली उभी केली, वर झाकण टाकलं आणि झाकणावर रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला.

बाकावरून एकजण म्हणाला, "धामन हाय ती. धामनीला इख नसतंय."

"असेल," सिस्टर म्हणाल्या. "पण चावला तो हाच का दुसरा, कुणी बघितलंय?" भावाने मान खाली घातली. त्याला हा साप शेजारच्या बांधावर दिसला होता. सिस्टर तोपर्यंत माझ्याकडे वळल्या होत्या. "सर, रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलंय. वीस मिनिटांनी गोठलं की नाही बघायचं ना? नळीला कुणी हात लावू नये म्हणून मावशींना बसवलंय. आणि पेशंटला चोवीस तास ठेवायचं ना?"

"हो," मी टेबलावरून म्हणालो.

"मग खाली या. केस पेपरवर सही हवीये."

रक्त गोठलं, म्हणजे रक्त बिघडवणारं विष नव्हतं. पेशंटला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. साप सर्पमित्र घेऊन गेला. टेबलाबद्दल सिस्टर कुणापाशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी ओपीडीत पन्नास माणसं होती, त्यामुळे तशी गरजही नव्हती.

दिवाळीनंतर एक आजोबा मधुमेहाने पायाला जखम होऊन दाखल झाले. तरुणपणी कुस्त्या केलेले, अजून मिशीला पीळ असलेले. औषधं वेळेवर, जेवण मोजून, तरी साखर काही खाली येईना. मी डोस वाढवत होतो. तिसऱ्या दिवशी सिस्टर त्यांच्या खाटेपाशी उभ्या राहून भिंत निरखताना दिसल्या. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. रांग खिडकीतून येत होती आणि आजोबांच्या पिशवीत जात होती. पिशवीत धोतराच्या घडीत बुंदीचे लाडू होते.

मला वाटलं, आता ओरडणार. त्या खाटेवर बसल्या. मुंग्या झटकून एक लाडू खाल्ला. मग दुसरा.

"सिस्टर, हे काय करताय?" आजोबा कळवळून म्हणाले.

"मला शुगर नाही आजोबा. मला चालतं. कुणी केलेत, सूनबाईंनी? तूप चांगलं आहे."

तिसरा त्यांनी मला दिला. चौथा मामांना, पाचवा मावशींना. बाकीचे अख्ख्या वॉर्डात वाटले. जे मधुमेहाचे होते त्यांना सोडून. आजोबा डोळ्यांत पाणी आणून एकेक लाडू जाताना बघत होते. शेवटी म्हणाले, "न्हाई खानार. पन आता आसं माझ्याम्होरं खाऊ नका." त्या आठवड्यात साखर उतरली, आणि पाय वाचला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला जिल्ह्यातून एक पत्र आलं. परिचारिका दिनानिमित्त एका परिचारिकेचा गौरव करायचा होता, प्रत्येक रुग्णालयाने नाव पाठवायचं. आमच्या अधीक्षकांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "सिस्टरांचंच नाव. तुझं मराठी बरं आहे, तू फॉर्म भर."

फॉर्म चार पानी होता. दुसऱ्या पानावर रकाना होता: 'उल्लेखनीय कार्य, सविस्तर लिहावे'. मी पेन घेऊन सिस्टरांकडे गेलो.

"लिहा," त्या इंजेक्शनं मोजत म्हणाल्या. "नियमित ड्युटी केली."

"सिस्टर, पाचशे शब्द हवेत."

"मग लिहा, फार नियमित केली."

मी सापाचं काढलं. त्यांनी मोजणं थांबवलं. "ते नको. ते लिहिलं तर तुम्ही कुठे होतात तेही लिहावं लागेल."

मी विषय बदलला, आणि त्यांच्या पाठीमागे माहिती गोळा करायला लागलो. मावशी म्हणाल्या, "लई वरडत्यात. माझं ऑपरेशन झालं तव्हा म्हैनाभर घरी येऊन ड्रेसिंग केलं, तवाबी वरडतच केलं." नवीन सिस्टरला विचारलं तर ती पुन्हा रडायला लागली, या वेळी आनंदाने. मी तिला मोजायला चादरी द्याव्यात की काय, या विचारात पडलो. अधीक्षक म्हणाले, "माझी साहेबांसमोर तीनदा तरी अब्रू वाचवलीय. पण कशी ते लिहिता येणार नाही."

लाडवाचे आजोबा ड्रेसिंगला येत असत. त्यांना सहज विचारलं, तर दोन दिवसांनी ते ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर टाइप केलेला कागदच घेऊन आले. खाली सरपंचांची सही आणि गोल शिक्का. ग्रामपंचायतीकडे ज्या एका नमुन्याची सवय होती त्यातच लिहिलेलं होतं: 'दाखला देण्यात येतो की, सदर सिस्टर यांना आम्ही जातीने ओळखतो. त्यांची वर्तणूक चांगली असून त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही. सदर दाखला पुरस्काराच्या कामी देण्यात येत आहे.'

"ह्यानं काम हुईल ना?" आजोबांनी विचारलं.

"नक्की होईल," मी म्हणालो, आणि तो कागद फॉर्मला जोडला.

मग अडलं फोटोपाशी. 'कार्यरत असतानाचे छायाचित्र' हवं होतं. सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो पाहिले. सगळ्यात सिस्टर होत्या, पण सगळ्यात पाठमोऱ्या. त्या कधी थांबलेल्याच नव्हत्या. मी त्यातला एक पाठवून दिला. जिल्ह्यातून उत्तर आलं: 'चेहरा दिसत नाही.' शेवटी मामांनी एकदा समोरून फोटो काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या वळून बोट रोखून म्हणाल्या, "मामा, तो ऑक्सिजनचा सिलिंडर बदलला का?" तेवढ्यात बटण दाबलं गेलं होतं. फोटोत चेहरा स्पष्ट होता आणि बोट त्याहून स्पष्ट. तोच पाठवला.

आता रकाना उरला. रविवारी मी खोलीत बसलो आणि सगळं लिहून काढलं. सापाचंही. माझ्यावर अन्याय होऊ नये म्हणून दोनदा टेबलाचं वाक्य खोडलं, आणि खोडल्यावर गोष्टच लंगडी व्हायला लागली. सिस्टर आधी पेशंटकडे गेल्या, ही त्यातली खरी बाब होती. आणि ती कळायची तर डॉक्टर कुठे होता ते सांगणं भागच होतं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

नाव सिस्टरांचंच निवडलं गेलं.

कार्यक्रम जिल्ह्याच्या गावी एका सभागृहात होता. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आम्हाला घेऊन जाणारा ड्रायव्हर वाटेत सगळ्यांना 'नगरला चाललोय' असंच सांगत होता. सिस्टर इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत पुढे बसल्या होत्या, मावशी आणि मामा माझ्याबरोबर मागे. वॉर्ड नवीन सिस्टरवर सोपवला होता आणि पाथर्डी येईपर्यंत तिला चार फोन झाले होते. माझी आई नगरलाच असते, तिलाही मी बोलावलं होतं. लेकाच्या हातून लिहिलेलं काही जाहीर वाचलं जाणार, म्हणून ती ठेवणीतली साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती.

आत गेल्यावर प्रथम दिसला तो बॅनर. मंचाच्या अख्ख्या मागच्या भिंतीएवढा. आणि त्यावर सिस्टर, सभागृहावर बोट रोखून. आत येणारा प्रत्येक माणूस ते पाहून जरा सावरून बसत होता. एकाने तर तोंडातली सुपारी बाहेर जाऊन थुंकून आल्याचं मी स्वतः पाहिलं.

निवेदक मानपत्र म्हणून माझा मजकूर वाचायला लागले. आवाज भरदार, शब्द न् शब्द ऐकू येत होता. लाडवांना लोक हसले. सापाला शांत झाले. आणि मग: "साप बाहेर पडताच उपस्थित वैद्यकीय अधिकारी तत्काळ टेबलावर चढले." निवेदकाने 'तत्काळ'वर असा जोर दिला की जणू पुरस्कार मलाच मिळणार होता. सभागृह हसून कोसळलं. आई माझ्याकडे झुकली.

"तू? टेबलावर?"

"हो."

"बूट घालून?"

मंचावर बसलेल्या सिस्टरांनी मला शोधून काढलं होतं आणि बॅनरवरच्याच नजरेने माझ्याकडे बघत होत्या. फक्त बोट खाली होतं.

शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह दिलं. मग दोन शब्द बोला असा आग्रह झाला. सिस्टर माइकपुढे आल्या आणि माइक त्यांच्या कपाळाएवढ्या उंचीवर होता. कुणी तो खाली करायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"मला भाषण येत नाही. आमच्या मावशी आणि मामा तिकडे मागे उभे आहेत, त्यांना आधी बसायला जागा द्या, ते पहाटे चारपासून उठलेत." लोकांनी मागे वळून पाहिलं, दोन खुर्च्या आल्या. मावशींनी तोंडाला पदर लावला. "डॉक्टरांनी लिहिलं ते मी वाचलं नव्हतं. तरुण डॉक्टर आहेत, रात्रंदिवस काम करतात, टेबलाचं तेवढं मनावर घेऊ नका." लोक पुन्हा हसले. आई हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले. "आता एकच. आमच्याकडे सिस्टरांच्या निम्म्या जागा रिकाम्या आहेत. माझी नवीन पोरगी तिथं आज एकटी वॉर्ड सांभाळतेय. शाल फार छान आहे. ही शाल परत घ्या, पण मला दोन सिस्टर द्या."

मंचावरचे पाहुणे फोटोसाठी हसावं तसं हसत राहिले. आणि मग मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. तिथे जिल्हाभरातून आलेल्या सिस्टर बसल्या होत्या. त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि थांबायला तयार नव्हत्या. टेबलावर चढण्याची शरम तोपर्यंत होती. त्या टाळ्यांत ती कुठे गेली ते कळलं नाही.

परत येताना सिस्टर गाडीतून वॉर्डाला फोन करत होत्या, मागे वळून बघत नव्हत्या. मला वाटलं, रागावल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं अक्षर वाचता येण्यासारखं आहे म्हणायचं. केस पेपरवर का नसतं?"

आणि नवल म्हणजे पंधरा दिवसांत खरंच आदेश आला. एक सिस्टर आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर. ती आली, हुशार होती, दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. वॉर्डात पेढे वाटले गेले, मधुमेहवाल्यांना वगळून. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. शेजारच्या तालुक्यातल्या रुग्णालयाचा डॉक्टर, माझ्यासारखाच बॉण्डवरचा.

"तुमच्या सिस्टरांच्या भाषणामुळे माझी सिस्टर गेली," तो जवळजवळ रडत होता. "आमच्याकडे तीनच होत्या. त्यातली उचलून तुम्हाला दिली."

सिस्टरांनी माझा चेहरा पाहिला, फोन काढून घेतला आणि तिकडच्या इनचार्ज सिस्टरला द्यायला सांगितलं. मग दहा मिनिटं दोघींचं बोलणं चाललं. मधूनच सिस्टर कॅलेंडर बघत होत्या, एस.टी.च्या वेळा विचारत होत्या, कुणाच्या सासूचं ऑपरेशन कधी आहे ते लिहून घेत होत्या. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. सोमवार ते बुधवार तिकडून आलेली सिस्टर आमच्याकडे. गुरुवार ते शनिवार तिकडे. त्यांच्याकडे बाळंतपणं जास्त झाली तर आमची एक जाणार, आमच्याकडे तापाची साथ आली तर त्यांची येणार. त्या सिस्टरला घरही दोन्हीच्या मध्येच पडत होतं, तेही विचारून घेतलं होतं.

"वा," मी म्हणालो. "मी हे वर कळवतो. आदेशात दुरुस्ती करून घेऊ."

सिस्टरांनी कागद घडी करून अॅप्रनच्या खिशात ठेवला.

"वर काही कळवू नका सर. कळवलं की दोघांकडूनही काढून घेतील."

मी कळवलं नाही. माझं वर्ष संपेपर्यंत ते वेळापत्रक एक दिवसही चुकलं नाही. आता मी दुसरीकडे, मोठ्या दवाखान्यात आहे. ती व्यवस्था अजून चालू असावी असा माझा अंदाज आहे. मी मुद्दाम विचारलेलं नाही.